मोरसला गेलेल्या पूर्वजाचा माग: सातारा-सांगलीकरांसाठी

आपल्याकडं काही घरांत एक अर्धवट गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खापरपणजोबांचा एक भाऊ मुंबईला गेला, तिथून मोरसच्या, म्हणजे मॉरिशसच्या, बोटीत बसला, पुढं काय झालं कुणाला ठाऊक नाही. आमच्या घरातही होती. मी कराड तालुक्यातला. त्या भावाचा माग काढताना कुठल्या दारात जायचं, काय मागायचं आणि कशात वेळ घालवायचा नाही, हे जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. ज्यांनी आधी कधी वंशावळ शोधलेली नाही त्यांच्यासाठी हे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण साल कळल्याशिवाय शोध पुढं सरकत नाही. मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला १८३४ मध्ये सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुई बंदरात उतरलेली ३६ माणसं ही त्यातली पहिली तुकडी धरतात. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख लोक तिथं गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासमार्गे गेले, मुंबईहून गेलेले त्या मानानं थोडे. कोकण आणि घाटमाथ्यावरची मराठी माणसं या थोड्यांत आहेत. सुरुवातीला पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. १८३९ मध्ये सरकारनं ही भरती बंद केली आणि १८४२ च्या कायद्यानं पुन्हा उघडली. मुंबईहून जाणाऱ्यांचा जोर त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत होता.

हे ध्यानात ठेवा, कारण घरातली म्हातारी माणसं प्रत्येक जुनी आपत्ती १८७६-७७ च्या दुष्काळाला चिकटवतात. 'मोठ्या दुष्काळात गेला' असं सांगितलं तरी शोध १८४३ पासून सुरू करा.

१. घरातून सुरुवात: आडनाव बाजूला ठेवा

या सगळ्या कामात दोनच गोष्टी सोन्याच्या. इकडच्या बाजूनं गाव आणि तिकडच्या बाजूनं क्रमांक. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा, त्याबद्दल पुढं येईलच. तुमच्याकडं गाव आहे आणि क्रमांक नाही. मॉरिशसमधल्या वंशजाकडं बहुतेक क्रमांक असतो आणि गाव नसतं, किंवा ओळखू न येणारं असतं. ही दोन टोकं जुळवणं म्हणजेच हे काम. आडनावाचा उपयोग अगदी शेवटी होतो, कारण तिकडच्या नोंदीत ते बहुतेक वेळा नसतंच.

म्हणून घरातल्या नव्वदीच्या आजीला 'आपलं कोण मॉरिशसला गेलं होतं का?' असं विचारू नका. 'मोरसला कोण गेलं होतं का?' असं विचारा. मोरस साखर हे नाव तिनं लहानपणी ऐकलेलं असतं. काही घरांत नुसतं 'बोटीनं गेला' किंवा 'उसाच्या देशाला गेला' एवढंच म्हणतात.

आजीकडून आणि भावकीतल्या जाणत्यांकडून हे लिहून घ्या:

- गेलेल्याचं नाव, घरातलं हाक मारायचं नावसुद्धा (नोंदीत तेच जाण्याची शक्यता जास्त)
- त्याच्या बापाचं नाव, हे सगळ्यात महत्त्वाचं
- मागं राहिलेल्या भावा-बहिणींची नावं
- गाव, आणि गावातली वाडी
- कुलदैवत आणि देवक
- लग्न झालं होतं का, बायको बरोबर गेली का मागं राहिली
- पितृपाटात त्याच्या नावाचं पान वाढतात का, आणि कोणत्या तिथीला

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांना सुचत नाही. बारा वर्षं पत्ता नाही लागला तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म उरकायची रीत होती. ते झालं असेल तर घरात तिथी सांभाळलेली असते आणि तिथीबरोबर एखादं नावही टिकलेलं असतं.

कुलदैवत कशाला, असंही वाटेल. मॉरिशसच्या मराठी घरांत आडनाव गेलं, गाव विसरलं, तरी देवाचं नाव टिकलेलं आढळतं. जोतिबा म्हटलं तर काही कळत नाही, तो सगळ्यांचाच. पण सिद्धनाथ म्हटलं की नजर म्हसवड आणि खरसुंडीकडं वळते, म्हणजे माण आणि आटपाडी. पालीचा खंडोबा म्हटलं की कराडच्या बाजूला.

एक सावधगिरी. भावकीत चौकशी करताना पहिल्याच वाक्यात सांगून टाका की जमिनीशी याचा काही संबंध नाही. 'परदेशातल्या वारसाचा शोध चाललाय' एवढं कानावर पडलं की चावडीपासून दुधाच्या डेअरीपर्यंत वाटणीची चर्चा सुरू होते, आणि मग ज्याच्या माडीवर जुनी कागदाची पेटी आहे तो 'वाळवीनं खाल्ली सगळी' म्हणून मोकळा होतो.

२. तुमचं गाव तेव्हा कुठं होतं ते ठरवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथं चुकलं तर पुढचे सगळे खेटे फुकट.

सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि इंग्रजांचा सातारा जिल्हा तयार झाला. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि शिराळा पेटा (तालुक्याचा पोटभाग) हे सगळं तेव्हा साताऱ्यात होतं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं मॉरिशसच्या नोंदीत जिल्हा सातारा दिसला म्हणून सांगलीकरांनी नाद सोडू नये. तो माणूस विट्याजवळचा किंवा वारणाकाठचाही असू शकतो.

उलट बाजूनं, आजच्या या दोन जिल्ह्यांतली कितीतरी गावं तेव्हा संस्थानांत होती. सांगली आणि मिरज पटवर्धनांकडं, जत डफळ्यांकडं, फलटण निंबाळकरांकडं, औंध पंतप्रतिनिधींकडं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होती, नकाशावर औंधपासून चांगली लांब असूनही. संस्थानी गावाचे कागद इंग्रजी तालुक्याच्या दप्तरात शोधत बसलात तर दिवस जातो आणि कारकून वैतागतो तो वेगळाच.

मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ चा आहे. तालुके, पेटे, मोठी गावं आणि बाजार त्यात आहेत. तुमचं गाव १८८५ ला कुठल्या तालुक्यात होतं ते त्यावरून बसवता येतं.

आणि धरणं. कोयनेच्या शिवसागरात पाटण-जावळीची गावं गेली, चांदोलीच्या जलाशयात वारणाखोऱ्यातली. 'असं गाव आमच्या तालुक्यात नाही' असं कुणी सांगितलं तर पुनर्वसित गावठाणांची चौकशी करा. कोयनेचे विस्थापित पार ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत विखुरले आहेत, आणि तुमच्या भावकीची दुसरी शाखा तिकडं भेटू शकते.

३. हेळवी आणि तीर्थोपाध्ये

सरकारी कचेरीत जायच्या आधी हे करा. माझं मत विचाराल तर इकडच्या बाजूचं निम्मं काम इथंच होतं.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडं बेळगावच्या भागात हेळवी समाज घराण्यांच्या वंशावळी पिढीजात सांभाळतो. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. गावं आणि घराणी त्यांच्यात वाटलेली असतात. म्हणजे तुमच्या भावकीचा हेळवी ठरलेला, दुसरा कुणी तुमचं वाचणार नाही. सुगी झाली की येतात. दरवर्षी येतीलच असं नाही. गावातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, 'आपला हेळवी कुठला?', मोबाइल नंबरसकट माहिती मिळते.

हेळव्याचं वाचन ऐकताना घाई करू नका. तो पोथीवर बोट ठेवून मूळ पुरुषापासून एका लयीत सुरू करतो. मूळ गाव कुठलं, तिथून कधी हलले, कुलदैवत कोणतं, मग पिढीमागून पिढी. आमच्या ओसरीवर तो वाचत होता तेव्हा चार भावांची नावं आली, तिघांचा विस्तार पुढं गेला, आणि चौथ्यापाशी तो 'परागंदा' म्हणून पुढच्या पानाकडं वळला. आम्हाला हवा होता तो नेमका तोच. मध्येच अडवलं तर लय तुटते, म्हणून आधी पूर्ण वाचू द्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा (परवानगी घेऊन), आणि मग त्या जागी परत यायला सांगा. गेलेल्या माणसापुढं परागंदा, निसंतान किंवा नुसती रिकामी जागा असू शकते. निसंतान लिहिलंय म्हणून निराश होऊ नका. गावाला त्याची मुलं माहीत नव्हती एवढाच त्याचा अर्थ.

पोथीचे फोटो काढू देण्याविषयी प्रत्येक हेळव्याचं धोरण वेगळं. ते त्यांच्या पोटापाण्याचं साधन आहे, त्यामुळं हट्ट करू नये. धान्य, कपडा, पैसे जे देणं असेल ते मनापासून द्या. तुमची नवी पिढी त्यात नोंदवायलाही विसरू नका.

दुसरा स्रोत तीर्थक्षेत्रांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडं यजमानांच्या नामावळ्या असतात. तिथं गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं. पूर्वजांपैकी कुणी सिंहस्थाला किंवा अस्थी घेऊन गेलं असेल तर त्या वेळच्या घरातल्या माणसांची नावं एकत्र सापडतात. भाऊ, पुतणे, कधी बायकांचीही. हेळव्याच्या पोथीत साल क्वचित असतं, नामावळीत ते असण्याची शक्यता बरीच. दोन्ही जुळवले की पिढ्यांना सालं लागतात.

४. सरकारी दप्तर

पहिली गोष्ट: सातबारा आणि फेरफार एकोणिसाव्या शतकापर्यंत पोचत नाहीत. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. 'महाभूमी'च्या आपले अभिलेख पोर्टलवर जुने स्कॅन केलेले फेरफार बघायला मिळतात, ते जरूर बघा, पण त्यांचा उपयोग मागं राहिलेल्या भावांच्या नातवंडांपर्यंत. त्याच्या मागं जायचं तर खालचे कागद मागावे लागतात.

तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जुनं शेतवार पत्रक, कडईपत्रक, सूडपत्रक, पाहणी पत्रक. इंग्रजांची मोजणी साताऱ्यात १८५० नंतर झाली, त्यामुळं तुमचा माणूस जाण्याच्या आगेमागे गावात कुणाच्या नावावर काय होतं ते यांत दिसतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ही गावची जन्ममृत्यूची नोंद. गेलेला माणूस त्यात नसणारच, पण त्याच्या भावाचा मृत्यू बापाच्या नावासकट असू शकतो, आणि आपल्याला बापाचंच नाव पक्कं करायचं असतं. जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टरही बघून घ्या, मुख्याध्यापक बहुधा नाही म्हणत नाहीत.

मोजणीच्या आधीचं काही हवं असेल तर पुण्याचं अभिलेखागार. पेशवे दप्तर तिथं आहे आणि सातारच्या छत्रपतींचे कागदही तिथंच. गावचा थळझाडा, म्हणजे जमिनींची जुनी यादी, मिळाला तर मिरासदारांची (वंशपरंपरेनं जमीन असणाऱ्यांची) ठिकाणं आणि गतकूळ, म्हणजे मूळ कूळ नाहीसं झालेल्या, जमिनी कळतात. हे अगदी पुढचं पाऊल आहे. नवशिक्यानं इथून सुरुवात करू नये, रुमालांच्या (कापडात बांधलेल्या दप्तरांच्या) ढिगात हरवून जाल.

मराठा-कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेमुळं २०२३ पासून एक बरं झालं. तालुक्या-तालुक्याच्या दप्तरातले मोडी कागद बाहेर निघाले, तपासले गेले, बरेच स्कॅनही झाले. कोतवाल बुक म्हटल्यावर कारकून आता 'ते काय असतं?' असं विचारत नाही. गावात त्या वेळी कुणी नोंदी काढल्या असतील तर त्यांच्याकडच्या छायाप्रती आधी बघा. निम्मे खेटे वाचतील.

कचेरीत जाताना एवढं जवळ असू द्या: गावाचं आजचं आणि जुनं नाव, तालुका तेव्हाचा आणि आताचा, हव्या त्या सालांचा अंदाज, स्वतःचं आधार कार्ड, लेखी अर्ज आणि कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात 'माझ्या पूर्वजांच्या सर्व नोंदी मिळाव्यात' असं कधी लिहू नका. असा अर्ज फिरत राहतो. 'मौजे अमुक, तालुका तमुक, गाव नमुना १४, सन १८८० ते १८९५' असं नेमकं लिहा. 'अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही' असा शेरा आला तर पाहणीची परवानगी मागा, आणि जिथं चालत असेल तिथं पानाचा फोटो घ्या.

आता मोडी. १९५० च्या आसपासपर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, आणि लिहिणाऱ्याचा हात धावता असेल तर एकच नाव दोन जाणकार दोन प्रकारे वाचतात. म्हणून ज्या ओळीवर तुमचा सगळा डोलारा उभा राहणार आहे ती ओळ दोघांकडून वेगवेगळी वाचून घ्या, आणि दुसऱ्याला पहिल्यानं काय वाचलं ते सांगू नका. दर पानाचे पैसे आधी ठरवा. स्वतः एवढं तरी शिका: 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'धोंडी बिन सखोजी' दिसलं की धोंडीचा बाप सखोजी.

सालांचा घोळ होतो. शके असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली साल) असेल तर ५९०. फसली १२६२ म्हणजे १८५२-५३. दोन्ही वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत, तेव्हा एखाद्या वर्षाचा फरक पडला तर गडबडून जाऊ नका.

५. मुंबईचं अभिलेखागार: अपेक्षा बेतानं

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. जनरल डिपार्टमेंटच्या बांधीव खंडांत 'एमिग्रेशन' या सदराखाली मॉरिशसच्या भरतीचा पत्रव्यवहार आहे. वाचायला फार रोचक, वेळ कसा जातो कळत नाही. पण तो मुख्यतः अहवाल आणि तक्रारी. तुमच्या माणसाचं नाव तिथं सापडेल या आशेवर लॉजचं भाडं भरू नका. बोटीचं नाव आधीच हाती असेल तर तिच्या प्रवासाबद्दल काही मिळतं का ते पाहायला जावं.

६. मोका: क्रमांक आणि ती एक ओळ

मॉरिशसच्या मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे आणि गिरमिट्यांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची, दप्तरं तिथं ठेवली आहेत. हा या सगळ्या शोधाचा गाभा.

बंदरावर उतरल्यावर प्रत्येकाची नोंद व्हायची. जिथं उतरायचे ती पोर्ट लुईची जागा आज आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रजिस्टरातली एक ओळ म्हणजे एक माणूस: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, बोट, पोहोचल्याची तारीख, आणि कुठल्या मळ्यावर पाठवला ते. खुणेच्या रकान्यात व्रण किंवा गोंदण असतं. १८६० च्या दशकापासून पुढं काहींचे फोटोही आहेत, आणि आधी आलेल्यांचेही नंतर काढलेले सापडतात. तो क्रमांक माणसाला आयुष्यभर चिकटलेला असे. लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू, मळा बदलणं, सगळीकडं तोच. म्हणून तिकडच्या वंशजाला पहिल्यांदा हेच सांगायचं: घरातल्या सगळ्यात जुन्या जन्म किंवा लग्नाच्या दाखल्यावर मजुराचा क्रमांक लिहिलाय का बघ.

सगळे तिकडंच राहिले असंही नाही. साधारण एक तृतीयांश लोक कधी ना कधी परत आले. ओळीच्या शेजारी परतीची नोंद असू शकते. तुमचा माणूस परत येऊन गावी न येता मुंबईत गिरणीत लागला असेल, हेही घडलेलं आहे.

अर्ज इथून ईमेलनं करता येतो, पण दप्तरातला उतारा मिळवायचा तर तिकडचा वंशज हाताशी असला की काम सुरळीत होतं. त्याच्याकडून आजपासून मागं जाणारी दाखल्यांची साखळी लागते: त्याचा, बापाचा, आजोबाचा, असं गिरमिट्यापर्यंत. वंशज माहीत नसेल तर मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन आणि तिथली गावोगावची मराठी मंडळं हे संपर्काचं साधन. पश्चिम किनाऱ्याजवळचं कास्कावेल मराठी वस्तीसाठी प्रसिद्ध आहे, गणेशोत्सव तिथला मोठा.

आता नावांची गंमत, आणि इथंच बहुतेकांचा शोध अडकतो.

पहिलं: तिकडं पहिल्या माणसाचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. रामजी नावाचा कुणी गेला तर आज त्याच्या घराण्याचं आडनाव रामजी. म्हणून फेसबुकवर मॉरिशसमधले जाधव, पाटील, शिंदे हुडकत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या गेलेल्या माणसाचं नाव आडनाव म्हणून शोधा.

दुसरं: लिहून घेणारा कारकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा, सांगणारा माणदेशी. ध-भ-घ मधला ह गळतो, ळ चा ल होतो, त आणि ट एकच, द आणि ड एकच. धोंडी हा डोंडी होतो, विठू हा बिटू. नावाच्या दहा-बारा तऱ्हा कागदावर मांडून मगच शोधा.

तिसरं: गावांची नावं. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या 'गाव'चं सर्रास 'गाम' व्हायचं. कोरेगाम, तासगाम. सातारा हा सत्तारा, रत्नागिरी हा रुटनाघेरी. असं नाव दिसलं तर ते मोठ्यानं म्हणून बघा. डोळ्याला न कळलेलं कानाला कळतं. आणि रकान्यात गावाऐवजी तालुक्याचं किंवा जवळच्या बाजारपेठेचं नाव असू शकतं. 'कुठला रे?' असं विचारल्यावर मुंबईत आजही आपण वाडीचं नाव सांगत नाही, कराड म्हणतो.

जातीच्या रकान्यावर फार विसंबू नका. माणसानं सांगितलं, दुभाष्यानं ऐकलं, कारकुनानं त्याच्या समजुतीनं लिहिलं. एकाच बोटीतल्या सख्ख्या भावांपुढं वेगळं काही लिहिलेलं असेल तरी चकित होऊ नका. ज्यांना हा रकाना वाचून वाईट वाटतं किंवा फार अभिमान वाटतो, त्या दोघांनाही माझं सांगणं, पुढच्या रकान्याकडं चला.

७. जुळलं असं कधी म्हणायचं

नुसतं नाव जुळलं म्हणजे काही नाही. त्या काळात गावोगावी धोंडी, खंडू, विठू भरलेले होते. मी हा नियम धरतो: स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव (किंवा निदान तालुका) हे तिन्ही जुळले पाहिजेत, आणि शिवाय आणखी एक काहीतरी. वय हेळव्याच्या पिढीशी बसतंय, त्याच बोटीत शेजारच्या क्रमांकावर त्याच गावचा दुसरा कुणी आहे, तिकडच्या घरात तेच कुलदैवत टिकलंय, असं काही.

शेजारचे क्रमांक बघायला विसरू नका. माणसं एकटी जात नसत. मुकादमानं एकाच टापूतली पाच-सहा गोळा केलेली असायची, आणि ती रजिस्टरात ओळीनं येतात. आपल्या माणसाचं गाव वाचता येत नसेल तर मागच्या-पुढच्या ओळीतलं वाचता येतं.

वयाला पाच-सात वर्षं इकडंतिकडं सोडा. कुणाकडं जन्मदाखला होता?

बायकांचा माग काढणं जास्त अवघड आहे. इकडच्या वंशावळीत मुलींची नावं नसतात, तिकडच्या रजिस्टरात मात्र बाई स्वतंत्र क्रमांकानं उभी असते, कधी नवऱ्याबरोबर, कधी एकटी. एकटी गेलेल्या बाईबद्दल इकडच्या घरांत गप्प बसण्याची रीत आहे. तिचं माहेर आणि सासर दोन्हीकडच्या पोथ्या बघाव्या लागतात, आणि विचारताना जपून.

डीएनए चाचणीबद्दल बरेच जण विचारतात. तिकडच्या वंशजानं आणि इकडच्या भावकीतल्या कुणी अशा दोघांनीही एकाच कंपनीकडं केली तरच उपयोग. पाच-सहा पिढ्यांमागचं नातं त्यात धूसर दिसतं. कागद जुळल्यावर खात्रीसाठी ठीक, सुरुवातीला नको.

८. जुळल्यानंतरचे कागद

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा भारतीय वंशाच्या तिथल्या नागरिकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड देण्याची घोषणा झाली. त्यामुळं तिकडून चौकशी वाढली आहे, आणि कधी तुम्ही न शोधताही एखादा ईमेल तुमच्या ग्रामपंचायतीत येऊन पडतो. ओसीआयसाठी मूळ पुरावा तिकडचाच लागतो, म्हणजे मोक्याचा उतारा आणि दाखल्यांची साखळी. तुमच्या गावच्या सरपंचाच्या पत्रावर कार्ड मिळत नाही. तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर दोन्हीकडच्यांनी सावध राहावं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून द्या असा आग्रह झाला तर ते कशासाठी वापरणार हे लेखी विचारा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

तुमच्या बाजूनं एक फाइल तयार ठेवा: हेळव्याच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण आणि त्याचं लेखी रूप, मोडी पानांचे फोटो, प्रत्येक फोटोवर दप्तराचं नाव, गाव, नमुना, साल, पान क्रमांक, आणि दोन्ही जाणकारांचं वाचन. वंशावळीत प्रत्येक नावापुढं ते कुठून आलं हे लिहा, 'हेळवी', 'नमुना १४', 'मोका', 'आजी'. जिथं नुसता अंदाज आहे तिथं प्रश्नचिन्ह टाका आणि ते कुणालाही खोडू देऊ नका, विशेषतः कुळाचा इतिहास छापायला निघालेल्या चुलत्यांना.

एक प्रत तिकडं पाठवा, आणि दुसरी हेळव्याला द्या. पुढच्या फेरीला तो 'परागंदा' शब्दाच्या जागी मॉरिशसची शाखा लिहून घेईल. तिकडच्या मुलांची नावं देवनागरीत लिहून द्या, फ्रेंच उच्चारांसकट, नाही तर शंभर वर्षांनी पुन्हा कुणाला तरी नावाच्या दहा-बारा तऱ्हा मांडत बसावं लागेल.